तेराव्यानंतरची वर्षे

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, शिवछत्रपतींची बखर लिहिली. अफजलखानाचा प्रसंग संपल्यावर महाराजांनी आपल्या माणसांची काय व्यवस्था लावली, याची नोंद तिच्यात आहे. जखमी झालेल्यांना जखमेचे मान पाहून होन दिले. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. ही दोन-तीन वाक्ये आपण भराभर वाचून पुढे जातो, पण त्यांतला भेद फार विचारपूर्वक केलेला आहे. जखमी माणूस बरा होऊन पुन्हा मोहिमेवर जाणार होता, त्याला एकरकमी होन पुरेसे होते. पडलेल्याच्या घरी मात्र मिळवता हातच उरला नव्हता. म्हणून तिथे बक्षीस दिले नाही, वेतन दिले किंवा चाकरी दिली. आज आपला समाज हा क्रम उलट करतो. सीमेवर पडलेल्या जवानाच्या घरी आपण जे काही नेतो ते सगळे एकदाच नेतो: गर्दी, घोषणा, धनादेश, शाल आणि श्रीफळ. तेरावा होतो, पाहुणे परततात, आणि त्या घराची खरी वर्षे तिथून पुढे सुरू होतात. त्या वर्षांसाठी नियमित काही उभे करायचे असेल, तर ते पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याइतके दुसऱ्या कोणाला सहज जमेल असे मला वाटत नाही. दर महिन्याला लाखो पगार वेळेवर काढण्याची सवय असलेला हा मुलूख आहे. त्याने जवानांच्या कुटुंबांचा सन्मान वेतनाच्या, शिक्षणाच्या आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या मदतीच्या रूपाने करावा, हे मला इथे मांडायचे आहे.

हा पट्टा लष्कराच्या शेजाराने वाढला, हे इथे राहणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, देहूरोडला छावणी आणि ऑर्डनन्सचे डेपो, खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, भोसरी-आकुर्डी-चिंचवड कारखान्यांनी भरले, आणि पुढच्या पिढीत वाहनउद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचला. या कारखान्यांत कामाला येणारी मुले सातारा, सांगली, अहिल्यानगर, बीड, बुलढाणा अशा ज्या जिल्ह्यांतून येतात, त्याच जिल्ह्यांतून फौजेतही जातात. पुष्कळ घरांत थोरला फौजेत आणि धाकटा चाकणला, अशी वाटणी असते. निवृत्त झालेला हवालदार चाळिशीच्या आसपास दुसऱ्या नोकरीसाठी याच पट्ट्यात येतो आणि बहुधा कंपनीच्या गेटवर उभा राहतो. राज्य शासनाचे माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, असे सुरक्षारक्षक पुरवते. त्यामुळे इथल्या उद्योगाची सैनिकाशी रोजची ओळख गेटवरची आहे, आणि सैनिकाच्या घराशी ओळख जवळजवळ नाहीच. नावे आणि स्मारके देण्यात हा पट्टा कधी मागे राहिला नाही. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे, चाकणच्या पुढे राजगुरुनगर आहे, चिंचवडला चापेकर चौक आहे. एका घरातले तीन भाऊ १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत फासावर गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांनी पुढचे दिवस कसे काढले, हे त्या चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना सांगता येईल?

आता पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप घेऊ. सरकार भरपूर देते, मग समाजाने वेगळे काय करायचे? सरकार देते हे खरेच आहे. केंद्राचे सानुग्रह अनुदान १ जानेवारी २०१६ पासून मृत्यूच्या प्रसंगानुसार २५, ३५ किंवा ४५ लाख रुपये आहे. महाराष्ट्र शासनाची मदत वाढत वाढत एक कोटीपर्यंत गेली. गटविम्याची रक्कम वेगळी. कुटुंबाला निवृत्तिवेतन आहे, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत उपचार आहेत, वीरपत्नीला एसटीचा मोफत प्रवास आहे. पण वर्तमानपत्रात छापून येणारे हे आकडे प्रत्येक घरी पोचत नाहीत, कारण लष्कराच्या कागदावर मृत्यूचे प्रकार असतात. शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना आलेला मृत्यू एका वर्गात, सेवेमुळे ओढवलेला अपघात किंवा आजार दुसऱ्यात, आणि सेवेशी संबंध न जोडता येणारा मृत्यू तिसऱ्यात. पहिल्या वर्गात कुटुंबाला जवळजवळ शेवटच्या पगाराइतके निवृत्तिवेतन मिळते, दुसऱ्यात ६० टक्के, तिसऱ्यात सुरुवातीची काही वर्षे ५० आणि मग ३० टक्के. सेवेत असताना मरण पावणारे सगळे जवान गोळीने मरत नाहीत. कोणी रस्ता अपघातात जातो, कोणी हृदयविकाराने, कोणी मानसिक ताणाखाली स्वतःचा जीव घेतो. अशा घरी मंत्री येत नाहीत, फलक लागत नाहीत आणि मोठी रक्कमही येत नाही. त्या घरातल्या सात वर्षांच्या मुलीच्या शाळेचा खर्च मात्र तेवढाच असतो. शासनाने मृत्यूंची वर्गवारी करावी, त्याला तिची कारणे आहेत. समाजाला तशी सक्ती नाही. किंबहुना शासनाचा हात जिथे आखडतो तिथेच समाजाचा हात पोचला पाहिजे.

रक्कम मोठी असली तरी तिचा आकार महत्त्वाचा असतो, आणि हे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना गेला. त्याच्या कुटुंबाला काय मिळेल याचा तपशील लष्कराने त्या वेळी जाहीर केला होता: ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, युद्धहतांच्या कल्याण निधीतून ८ लाख, चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा १३ लाखांहून अधिक पगार, आणि सेवानिधीतला हिस्सा. म्हणजे एक कोटीहून जास्त. मात्र निवृत्तिवेतन नाही. एक कोटी सहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला ५० हजार व्याज येते, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. पण महागाईही वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास धरली तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात, आणि ते ५० हजार २५ हजारांच्या मोलाचे उरतात. निवृत्तिवेतनावर महागाईवाढ मिळत राहते, ठेवीच्या व्याजावर मिळत नाही. अग्निवीर अविवाहित असतो, त्यामुळे मागे राहणारे बहुधा आईवडील असतात, आणि त्यांचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. शिवाय ठेव सगळ्यांना दिसते. भावकीतल्या कोणाला ट्रॅक्टर घ्यायचा असतो, कोणी प्लॉटिंगची योजना घेऊन येतो, कोणी महिन्याला पाच टक्के परताव्याचे आमिष दाखवतो. दर महिन्याला येणाऱ्या पैशावर असे कोणी टपून बसत नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात नियंत्रण रेषेवर पडलेला मुरली नाईक हाही अग्निवीर होता, आणि त्याचे घर घाटकोपरला. नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळतात तसेच लाभ मिळावेत म्हणून त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. बखरकाराने साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या प्रसंगाबद्दल नोंदवलेली गोष्ट आज एका आईला याचिकेत मागावी लागते, हे मला अस्वस्थ करते.

निवृत्तिवेतन मंजूर असले तरी ते हातात पडेपर्यंतचा रस्ता कागदांचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला, तोफखान्याचे नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, आणि निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराजहून. आता हा व्यवहार ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आला आहे, त्यामुळे बँकांचे खेटे कमी झाले. पण प्रणालीला नाव, जन्मतारीख आणि बँक खाते तंतोतंत जुळलेले लागते. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कित्येक घरांत तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून तिचे स्वतःचे नावही बदलते. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि नवऱ्याने युनिटमध्ये नोंदवलेले तिसरे. तो हयात असताना याचे कोणाला काही वाटत नाही. तो गेल्यावर तीच तीन नावे एका बाईची आहेत हे तिला सिद्ध करावे लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात मदत करते, पण पुण्यासारख्या अवाढव्य जिल्ह्याचा भार एका कार्यालयावर असतो. इथे पट्ट्यातल्या कंपन्यांकडे असलेली एक गोष्ट फार उपयोगाची आहे, आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. प्रत्येक मध्यम कारखान्याच्या एचआर विभागात भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, ग्रॅच्युइटी, वारसनोंद यांचे अर्ज भरण्यात वर्षे घालवलेली माणसे बसलेली आहेत. नावातली तफावत कशी दुरुस्त करायची, राजपत्रात नाव कसे छापायचे, हयातीचा दाखला कधी चढवायचा, हे त्यांचे रोजचे काम आहे. एका कंपनीने एका कुटुंबाची जबाबदारी घ्यावी, आणि त्या कुटुंबाला एका माणसाचा फोन नंबर मिळावा. माणूस बदलला तरी नंबर बदलू नये. दहा वर्षे चालेल एवढीच अट घालावी. धनादेशाच्या फोटोपेक्षा या कामाचे मोल त्या घराला कितीतरी जास्त असेल.

घराच्या आत जे होते त्याकडेही पाहिले पाहिजे, कारण बाहेरची मदत तिथे जाऊन कधी उपकारक ठरते, कधी आग लावते. जुलै २०२३ मध्ये सियाचीनला हुतात्मा झालेल्या कॅप्टन अंशुमान सिंग यांच्या आईवडिलांनी जुलै २०२४ मध्ये वारसाच्या नियमांत बदल मागितला, आणि देशभर सून विरुद्ध सासू-सासरे असा एक कुरूप वाद पेटला. त्याच महिन्यात मध्य प्रदेश सरकारने मदतीची रक्कम पत्नी आणि आईवडील यांच्यात निम्मी-निम्मी वाटण्याचे जाहीर केले. विभागणी न्याय्य असू शकते. मुलाला वाढवणाऱ्यांना वाऱ्यावर सोडणे कोणालाही पटणार नाही. पण भांडण पेटते ते सगळे एकाच हंड्यात ओतले जाते म्हणून. सुनेला स्वतःचा पगार असेल आणि सासऱ्याच्या औषधाची सोय वेगळी असेल, तर त्या दोघांनी एकमेकांकडे हिशेबाच्या नजरेने पाहण्याचे कारण उरत नाही. तरुण विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्नही इथेच येतो. शौर्यपदकाचा भत्ता पुढे चालू राहायचा असेल तर विधवेने दिराशीच लग्न करावे, अशी अट २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत नियमात होती. संरक्षण मंत्रालयाने ती काढून टाकली. नियमातून गेलेली गोष्ट मनातून जायला वेळ लागतो. महर्षी कर्व्यांच्या आश्रमाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि मग राज्य शासनाने इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले. प्रजासत्ताक दिनी जिला व्यासपीठावर बसवून वीरपत्नी म्हणून ओवाळले, तिला त्याच महिन्यातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे येत नसेल, तर त्या ओवाळणीचा अर्थ काय? खेड आणि मावळ तालुक्यांतल्या गावांनी आणि पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांनी एवढे एक आमंत्रण दिले, तरी ती सन्मानाची मोठी कृती ठरेल. त्यासाठी शासननिर्णय लागत नाही.

आता उद्योगांच्या मुख्य जबाबदारीकडे येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्या कामांच्या यादीत माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांचे अवलंबित यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२० मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची कुटुंबेही तिच्यात आली. कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या, असेही कायदा सांगतो. म्हणजे चाकणच्या कंपनीने खेड-जुन्नर-मावळातल्या सैनिक-कुटुंबांचा विचार करायला कायद्याची आडकाठी नाही, उलट निमंत्रण आहे. पण या दोन टक्क्यांना एक मर्यादा आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. या निधीतून शिष्यवृत्ती देता येते, वसतिगृह चालवता येते, प्रशिक्षण देता येते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा पगार त्यातून देता येत नाही. नोकरी द्यायची तर ती कंपनीच्या स्वतःच्या पगारपटावर द्यावी लागते. नेमके तिथेच पाऊल अडखळते. सभा होते, वीरमातेचा सत्कार होतो, नोकरीचे आश्वासन दिले जाते, आणि प्रत्यक्षात पुढे येते ते कंत्राटदारामार्फत काही महिन्यांचे काम. या पट्ट्यातल्या प्रत्येक कामगाराला ‘ब्रेक’ म्हणजे काय हे माहीत आहे. सहा-सात महिने भरले की ब्रेक, मग दुसऱ्या कंत्राटदाराचा गेटपास. पडलेल्या जवानाच्या पत्नीला किंवा बहिणीला अशी नोकरी देण्यापेक्षा न दिलेली बरी. इथल्या माणसाच्या लेखी मानाचा एकच शब्द आहे, पर्मनंट. द्यायचे तर ते द्यावे.

आणि ते देता येण्याजोगे सगळे इथे तयार आहे. महापालिकेची मोरवाडीला आयटीआय आहे, मुलींसाठी कासारवाडीला वेगळी आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या नियमांत २०१९ मध्ये बदल झाला, तेव्हापासून तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्या जागांपैकी काही जागा सैनिक-कुटुंबातल्या मुलामुलींसाठी राखून ठेवल्या आणि शिकून झाल्यावर त्यांना कायम केले, तर कोणावर नवा बोजा पडत नाही. कारखान्यातले काम बायकांना झेपत नाही, ही समजूत याच पट्ट्याने मोडीत काढली आहे: टाटा मोटर्सच्या इथल्या प्रकल्पात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीची लाइन महिला चालवतात, बजाजनेही चाकणला मोटारसायकलची लाइन महिलांच्या हाती दिली. याहून जुने उदाहरण हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्या महायुद्धात अपंग होऊन परतलेल्या सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि पुढे ती खडकीला आली. शंभर वर्षांहून अधिक काळ ही संस्था सैनिकाला आपल्या हाताने कमावता येईल असे शिकवत आली आहे. सैनिकाला जे लागू पडले ते त्याच्या मागे राहिलेल्या माणसाला का लागू पडू नये?

याला गुणवत्तेच्या नावाने आक्षेप घेतला जातो. पात्रता नसलेल्याला जागा दिली तर कारखाना कसा चालेल? पण इथे मागणी शिकून पात्र होण्याच्या संधीची आहे, आणि दुःखात असलेला माणूस शिकू शकत नाही हे गृहीत धरणे हाच मोठा अपमान आहे. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांचे वय सैन्यभरतीच्या मर्यादेत बसत नव्हते. सरकारने वयाची अट शिथिल केली. प्रशिक्षणाची कोणतीही अट शिथिल केली नाही. चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतले अकरा महिन्यांचे खडतर प्रशिक्षण पुरे करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनीही पुढे तीच वाट धरली. वयाची एक आडकाठी दूर करायची आणि बाकीची परीक्षा पुरी घ्यायची, हा मला आदर्श नमुना वाटतो. अर्थात प्रत्येक वीरपत्नीने गणवेश चढवावा किंवा प्रत्येकीने लाइनवर उभे राहावे, अशी अपेक्षा धरणेही जुलमाचेच होईल. कोणाला शिक्षिका व्हायचे असेल, कोणाला गावात राहून शेती करायची असेल, कोणाला काही काळ काहीच करायचे नसेल. मदत करणाऱ्याने आधी विचारावे आणि मग द्यावे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो या पट्ट्यातूनच येतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. २०२३ मध्ये त्याच्या दुसऱ्याच दिवशी तळवड्यात, केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका बेकायदा कारखान्यात आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या अनेक बाया जळून मेल्या. त्यांच्याही मागे मुले होती. मग सैनिकाच्याच मुलांचा विशेष विचार का, कामगाराच्या मुलांचा का नाही? सैनिकाला आपण मरणाचा धोका पत्करायला सांगून पाठवतो, म्हणून त्याच्या घराविषयी आपले कर्तव्य निराळे आहे, हे उत्तर खरे आहे. पण त्या बायांच्या मुलांसमोर ते अपुरे पडते. मला वाटते ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या वाट्यातून कापून घ्यायची नाहीत. कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. कामावर मेलेल्या विमाधारक कामगाराच्या अवलंबितांना ती सरासरी वेतनाच्या ९० टक्के इतका लाभ दर महिन्याला देते. म्हणजे एकरकमी रकमेने घर चालत नाही, वेतनाच्या जागी वेतनच लागते, हे तत्त्व आपल्या कामगार कायद्याने कधीच मान्य केले आहे. बेकायदा कारखान्यातली बाई या विम्याच्या बाहेर राहते, हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि तो सैनिकाच्या विधवेचे काही कमी करून दूर होणार नाही. एका घरासाठी नीट उभी राहिलेली व्यवस्था दुसऱ्या घरासाठी वापरता येते. एचआरमधला जो माणूस सैनिकाच्या पत्नीची नावे जुळवून देईल, त्याला कामगाराच्या पत्नीचीही जुळवून देता येतील.

हे सगळे प्रसिद्धीसाठी होईल, अशीही भीती असते, आणि ती निराधार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवाम्याच्या हल्ल्यानंतर देशभर देणग्यांचा पूर आला. तिथे पडलेल्या ४० जवानांत बुलढाण्याचे दोघे होते. त्याआधी आणि नंतर एकेकटे पडलेल्या जवानांच्या वाट्याला तो पूर आला नाही. यावर एक साधा उपाय ‘भारत के वीर’ या केंद्र सरकारच्या निधीने २०१७ पासूनच योजला होता. एका जवानाच्या खात्यात १५ लाख जमले की त्याचे नाव यादीतून उतरवायचे आणि ओघ दुसऱ्याकडे वळवायचा. पट्ट्यातल्या उद्योगांच्या संघटनांनीही असेच सामाईक खाते ठेवावे, म्हणजे कोणत्या कंपनीने कोणाला किती दिले याचा फलक लागणार नाही आणि गाजलेल्या मृत्यूलाच सगळे जाणार नाही. प्रसिद्धीपेक्षा मोठा धोका विसरण्याचा आहे. १९७१ च्या युद्धानंतर सरकारने हुतात्म्यांच्या मुलांचा शिक्षणखर्च उचलला. पंचेचाळीस वर्षे ते चालले. मग २०१७ मध्ये त्यावर महिना दहा हजारांची मर्यादा आली. वाचणारी रक्कम देशाच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडली नसती. ओरड झाली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा उठली. वर्षभर काही मुलांच्या फीचा घोळ झाला तो झालाच. कोणाच्या मनात वाईट नव्हते, फक्त त्या मुलांची आठवण ठेवणारा कोणी त्या टेबलाजवळ नव्हता.

अग्निपथ योजना जाहीर झाल्यावर, जून २०२२ मध्ये, आनंद महिंद्रांनी सांगितले होते की चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या प्रशिक्षित तरुणांना आपल्या समूहात घेण्याची संधी मिळाली तर तिचे स्वागत करू. महिंद्रांचा मोठा कारखाना चाकणलाच आहे. इतर उद्योगांनीही त्या वेळी असाच सूर लावला होता. अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षे पुरी करून २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडू लागेल, आणि तिच्यातली पुष्कळ मुले याच गेटांवर अर्ज घेऊन येतील. त्यांच्यासाठी जागांची आखणी आता होतच असेल. जो परतला त्याला जी जागा मिळणार होती, ती जो परतला नाही त्याच्या भावाला किंवा बहिणीला मिळावी, एवढी एक ओळ त्या आखणीत आजच घालता येईल. शिक्षण कमी पडत असेल तर मोरवाडीत किंवा कासारवाडीत दोन वर्षे, त्या काळाचा खर्च दोन टक्क्यांतून, आणि नंतर कायम नेमणूक. त्या मुलीचा पहिला पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होईल.